या रविवारी संदेश कोणाचा?

शनिवारी दुपारनंतर मला येणाऱ्या फोनांत हा प्रश्न हमखास असतो. संदेश म्हणजे आमच्या चर्चच्या रविवारच्या उपासनेतलं प्रवचन. कुणाला शेजारणीला सोबत आणायचं असतं, कुणाला कॉलेजातल्या मुलाला सकाळी उठवायला काहीतरी कारण हवं असतं, कुणाला वक्ता मराठीत बोलणार की हिंदीत हे आधी कळलं तर बरं वाटतं. मी नाव सांगते, गाव सांगते, आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, "कोण हो ते?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट देता आलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, छोटी आहे. कुर्ल्याच्या बाजूला एका शाळेचा हॉल रविवारी सकाळी भाड्याने मिळतो, तिथे आम्ही जमतो. मराठी बोलणारे बॅप्टिस्ट पंथाचे ख्रिस्ती मुंबईत मुळातच थोडे. आमच्यातली बरीच घरं विदर्भातली, अमरावती, अचलपूर, परतवाडा या पट्ट्यातली. विसाव्या शतकाच्या मध्यापासून तिकडे बॅप्टिस्ट मिशनचं काम होतं. काही घरं नगर-जालन्याकडची, लग्नामुळे किंवा शेजारामुळे आमच्यात आलेली. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, आहेत, पण ते आठवडाभर नोकरी करतात आणि महिन्यातले दोन रविवार संदेश देतात. उरलेले रविवार पाहुण्यांचे. या पाहुण्यांची यादी बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहे. हे काम करताना माझं एक मत पक्कं होत गेलं. पाहुण्याने मंडळीला काय दिलं हे आपण सगळेच बघतो. मंडळीने पाहुण्याला काय दिलं हे कुणी विचारत नाही, आणि तिथेच खरी परीक्षा असते.

ज्यांना बॅप्टिस्ट म्हणजे नेमके कोण हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. १६०९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये आसऱ्याला गेलेल्या काही इंग्रजांनी जॉन स्मिथ यांच्या पुढाकाराने असं ठरवलं, की बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारी ख्रिस्ती दीक्षा, समजून-उमजून विश्वास ठेवणाऱ्यानेच घ्यावा, तान्ह्या बाळाला तो देऊ नये. त्यांच्यापैकी थॉमस हेल्विस १६१२ च्या सुमारास लंडनला परतले आणि स्पिटलफील्ड्स भागात त्यांनी मंडळी उभी केली. राजा हा माणूस आहे, देव नाही, प्रजेच्या आत्म्यावर त्याची सत्ता चालत नाही, असं त्यांनी लिहिलं आणि त्यासाठी तुरुंग भोगला. तेव्हापासून आमची रीत अशी, की प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण बघते. वर बिशप नाही, बदलीचे आदेश नाहीत. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा एकत्र आलेल्या सहा प्रवाहांमध्ये उत्तर भारतातल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांचाही एक होता. त्यांच्याकडे आता बिशप आहेत, धर्मप्रांत आहे, पाळकांच्या नेमणुका तिथून होतात. आमच्यासारख्या बाहेर राहिलेल्यांना मात्र कुणी पाठवत नाही. फोन आम्हालाच करावा लागतो.

या स्वातंत्र्याचा मला अभिमान आहे. त्याची भीतीही मला ठाऊक आहे. ज्या मंडळीवर कुणाची देखरेख नाही ती आपल्याच आवाजात अडकून पडू शकते. तेच पाळक, तीच उदाहरणं, तेच चार आवडते अध्याय, आणि दहा वर्षांनी सगळ्यांना वाटू लागतं की ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे एवढीच. पाहुणा येतो तेव्हा तो नकळत सांगतो, की तुमच्या हॉलबाहेरही प्रभूची माणसं आहेत आणि ती वेगळ्या प्रकारे वाचतात, वेगळी गाणी म्हणतात, वेगळ्या गोष्टींसाठी रडतात. बिशप नसलेल्या मंडळीला विशाल मंडळीशी जोडून ठेवणारा तो एक धागा असतो.

मुंबईच्या मराठी ख्रिस्ती इतिहासातही एक पाहुण्याचा संदेश आहे, आणि तो मुंबईत झालाच नाही. १८१२ मध्ये अमेरिकेतून पाच तरुण मिशनरी भारताकडे निघाले. त्यांच्यातले अडोनिराम जडसन जहाजावर बाप्तिस्म्याच्या प्रश्नाचा अभ्यास करत आले आणि कलकत्त्याला पोहोचल्यावर बॅप्टिस्ट झाले. त्यांचे सोबती ल्यूथर राइस हेही पाठोपाठ तसेच झाले. २७ सप्टेंबर १८१२ च्या रविवारी कलकत्त्याच्या लाल बाजारच्या चॅपलमध्ये जडसन यांनी बाप्तिस्म्यावर प्रवचन दिलं. ते चॅपल सेरामपूरच्या इंग्रज बॅप्टिस्टांचं. म्हणजे ज्यांच्या घरी आश्रय मिळाला, त्यांच्याच व्यासपीठावर उभं राहून हा तरुण आपलं बदललेलं मन सांगत होता. ज्या संस्थेने पैसे देऊन पाठवलं तिच्याशी आपलं आता जमणार नाही, हे त्याला माहीत होतं. पुढे जडसन ब्रह्मदेशात गेले, राइस मदत उभी करायला अमेरिकेला परतले, आणि त्याच तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले. हॉल-नॉट बॅप्टिस्ट झाले नव्हते. त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं, पुढे नगरला ज्ञानोदय हे नियतकालिक निघालं, शाळा निघाल्या, ना. वा. टिळकांसारखा कवी त्या मंडळीत आला. आम्ही बॅप्टिस्ट मराठी मुलखात थोडे का, याची सगळी नाही तरी थोडी कारणं त्या जहाजावर आहेत. मात्र १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापून काढणारे सेरामपूरचे विल्यम केरी बॅप्टिस्ट होते. पंडित वैजनाथ यांच्या मदतीने त्यांनी ते काम केलं आणि १८१० मध्ये कोशही काढला. आयुष्य बंगालमध्ये गेलं, महाराष्ट्रात ते कधी राहिले नाहीत. आमच्या भाषेच्या घरातलेही ते पाहुणेच.

पाहुण्याला बोलायला लावण्याची रीत मंडळीपेक्षा जुनी आहे. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायात ख्रिस्ताचा संदेश सांगत फिरणारे पौल आणि बर्णबा पिसिदियातल्या अंत्युखियाला पोहोचतात. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या, दिवशी यहुद्यांच्या सभास्थानात जाऊन बसतात. नियमशास्त्र आणि संदेष्टे यांचं वाचन झाल्यावर सभास्थानाचे अधिकारी त्यांना निरोप पाठवतात, की बंधूंनो, लोकांसाठी काही बोधाचं सांगायचं असेल तर सांगा. किती साधी गोष्ट आहे ही. दोन अनोळखी माणसं मागे बसली आहेत, आणि पुढे बसलेल्यांना वाटतं की यांच्याकडे काही असेल. आठवड्याभरात त्याच गावात त्या दोघांवरून एवढा गदारोळ होतो की त्यांना हाकलून देण्यात येतं. पण मला तो निरोपच आठवत राहतो. विचारणाऱ्यांनी धोका पत्करला होता.

आणि अपुल्लोसाची गोष्ट मी फार वेळा वाचते. कृत्यांच्याच अठराव्या अध्यायात तो इफिसला येतो. आलेक्सांद्रियाचा माणूस, बोलण्यात पटाईत, शास्त्रांत प्रवीण, मनाने पेटलेला. अडचण एवढीच की त्याला फक्त येशूच्या आधी आलेल्या योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक असतो, पुढचं नसतं. ऐकणाऱ्यांत प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे जोडपं आहे. धंद्याने राहुट्या बनवणारे. रोममधून घालवलेले, करिंथात राहून आता इफिसला आलेले, म्हणजे स्वतःच उपरे. ते सभेत उठून त्याला अडवत नाहीत. घरी जाऊन त्याच्याबद्दल कुजबुजतही नाहीत. त्याला आपल्याकडे नेतात आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगतात. तिथे नाव आधी प्रिस्किल्लेचं येतं. मग अपुल्लोस अखयाला निघतो तेव्हा बंधुजन त्याच्यासाठी पत्र लिहून देतात, की याला जपा.

माझ्या मनातली मंडळी अशी आहे. राहुट्या शिवणारी दोन माणसं एवढ्या मोठ्या वक्त्याला शिकवू शकतात, आणि वक्ता शिकतो. त्या घरात जेवण झालं असेल, कुणीतरी पाणी आणून दिलं असेल, आणि मग बाईने विचारलं असेल, "भाऊ, तुम्ही सकाळी जे म्हणालात त्यात एक गोष्ट राहिली." यातलं जेवण आणि पाणी कृत्यांचं पुस्तक लिहिणाऱ्या लूकने लिहिलेलं नाही. ते मी घातलं आहे, कारण आमच्याकडे तरी पाहुण्याशी खरं बोलणं ताट वाढल्यावरच होतं.

आता आमचं व्यवहाराचं जग. पाहुणा ठरवायचा तर आधी मेगाब्लॉक बघावा लागतो. रविवारी मध्य आणि हार्बरवर काम चालू, पश्चिमेला जम्बोब्लॉक. सकाळी यायला अडचण नसते, परत जाताना मात्र पाहुणा कुर्ल्याच्या प्लॅटफॉर्मवर तासभर उभा. म्हणून कल्याण-बदलापूरच्या पाहुण्यांना मी दुपारच्या जेवणासाठी थांबवते. पुण्याहून बिबवेवाडीच्या सेमिनरीतले, म्हणजे पाळक घडवणाऱ्या संस्थेतले, विद्यार्थी येतात ते आदल्या रात्री येतात आणि कुणाच्या तरी घरी राहतात. ही सेमिनरी आधी यवतमाळला होती, १९८३ मध्ये पुण्याला आली. आमच्या विदर्भातल्या म्हाताऱ्यांना तिचं यवतमाळ अजून आठवतं, त्यामुळे त्या मुलांना आमच्याकडे नातवंडांसारखं वाढलं जातं. मुलं आधी बुजतात. रात्री अकराला, भांडी घासून झाल्यावर, त्यातला एखादा सांगतो की उद्याच्या संदेशाची त्याला भीती वाटते. दुसऱ्या दिवशी ज्या घरात तो राहिला त्या घरातली माणसं पहिल्या बाकावर बसतात.

पाकिटाचा प्रश्न असतो. प्रवासखर्च आम्ही देतोच, आणि जमेल तसं थोडं मानधन. याविषयी माझं मत कठोर आहे. एकदा एका मोठ्या सभांमधून बोलणाऱ्या वक्त्याला आम्ही बोलावलं होतं. त्यांनी येण्याआधी रक्कम ठरवून घेतली आणि संदेशात सगळा भर यावर दिला, की तुम्ही पेरलंत तर देव तुमचं घर, नोकरी, आजारपण सगळं ठीक करेल. त्या हॉलमध्ये एक बाई बसली होती, जिचा नवरा डायलिसिसवर होता. तिने झोळीत किती टाकलं मी बघितलं नाही, बघायचंही नव्हतं. पण तिचा चेहरा मी बघितला. त्या दिवशी दुपारी आम्ही काही जण तिच्या घरी जाऊन बसलो, आणि पुढच्या रविवारी पाळकांनी बायबलमधल्या ईयोब या निर्दोष माणसाच्या दुःखाच्या पुस्तकावर बोलताना नाव न घेता सांगितलं, की दुःख म्हणजे अर्पण कमी पडल्याची पावती नव्हे.

पाहुण्यांच्या बाबतीत ही चिंता फार जुनी आहे. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी लिहिलेली दिदाखे नावाची एक लहान पुस्तिका आहे. बहुतेक अभ्यासक ती पहिल्या शतकाच्या अखेरची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची मानतात. तिची हस्तलिखित प्रत १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडली आणि १८८३ मध्ये ती छापली गेली. तिच्यात फिरत्या प्रेषितांसाठी नियम आहेत. येणाऱ्याला प्रभूसारखं स्वीकारा. त्याने एक दिवस राहावं, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापर्यंत पुरेल एवढी भाकर न्यावी. पैसे मागितले तर खोटा. ज्यांनी हे लिहिलं त्यांना लोक फसवून गेले असणार. तरीही त्यांनी दार लावून घेतलं नाही. स्वीकारा हे आधी लिहिलं, पारखा हे नंतर. मी यादी करताना हा क्रम पाळायचा प्रयत्न करते.

बिरुया या गावच्या लोकांचं कौतुकही कृत्यांमध्ये याचसाठी आहे. पौलाचं बोलणं त्यांनी उत्सुकतेने ऐकलं आणि तो सांगतो ते तसंच आहे का हे रोज शास्त्र उघडून तपासलं. पौलाला तपासलं! आणि त्यात पौलाचा अपमान झाला असं कुणालाही वाटलं नाही. आपल्याकडे मात्र पाहुण्याला प्रश्न विचारणं उद्धट समजलं जातं. पुष्पगुच्छ द्यायचा, शाल द्यायची, "फार आशीर्वादित झालो" म्हणायचं आणि निरोप द्यायचा. मला हे खटकतं. म्हणून उपासनेच्या शेवटचा आशीर्वाद झाल्यावर चहा आणि बटाटेवडे यांच्यासोबत अर्धा तास पाहुण्याला आम्ही खुर्चीत बसवतो आणि ज्याला विचारायचं त्याने विचारायचं, अशी पद्धत पाडली. सुरुवातीला फक्त पुरुष विचारायचे आणि तेही लांबलचक, स्वतःच उत्तर देणारे प्रश्न. मग एका आजींनी एका तरुण डॉक्टर वक्त्याला विचारलं, "बाळा, तू म्हणालास देव बरं करतो. मग तुझ्या हातून मेलेल्या पेशंटसाठी तू काय प्रार्थना करतोस?" तो मुलगा बराच वेळ गप्प राहिला. नंतर जे बोलला ते त्याच्या चाळीस मिनिटांच्या संदेशापेक्षा खोल होतं. ते इथे लिहिण्याचा मला हक्क नाही. पण त्यानंतर तो डॉक्टर न बोलावता आमच्याकडे येतो, मागे बसतो.

धारावीच्या बाजूने एक तेलुगू बॅप्टिस्ट पाळक येतात. हिंदीत छान बोलतात. एकदा त्यांना म्हटलं, आज तुमच्या भाषेत बोला. सोलापूरच्या एक ताई आमच्यात आहेत, पद्मशाली घरातल्या, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी अशा वाढलेल्या. त्या भाषांतर करायला बाजूला उभ्या राहिल्या. पाळकांनी आंध्रातल्या ओंगोलची गोष्ट सांगितली. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर, ३ जुलै १८७८ रोजी, गुंडलकम्मा नदीत एका दिवसात २,२२२ लोकांचा बाप्तिस्मा झाला. बहुतेक मादिगा समाजाचे, कातड्याचं काम करणारे, गावाबाहेर राहणारे. पाण्यात उभे होते ते देशी पाळक, एका वेळी दोघे, आळीपाळीने. हिंदीत ते हा प्रसंग इतिहासासारखा सांगायचे. तेलुगूत सांगताना त्यांच्या पणजीचा उल्लेख आला, जो आम्ही कधीच ऐकला नव्हता. ताई सांगता सांगता मध्येच थांबल्या, डोळे पुसले, पुढे गेल्या.

आमच्यातही गावकुसाबाहेरून आलेली घरं पुष्कळ आहेत. त्यामुळे पाहुण्याची ओळख करून देणं हा माझ्यासाठी औपचारिक भाग नाही. मार्टिन ल्यूथर किंग हे बॅप्टिस्ट पाळक होते, हे आपण बरेचदा विसरतो. १९५९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ते भारतात फिरले. मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात राहिले. केरळात त्रिवेंद्रमला एका शाळेत त्यांना बोलावलं होतं. मुलं पूर्वी अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरांमधली. मुख्याध्यापकांनी ओळख करून देताना सांगितलं, की हे अमेरिकेतून आलेले आपल्यासारखेच एक अस्पृश्य. किंग यांना क्षणभर धक्का बसला, रागही आला. मग त्यांनी आपल्या देशातल्या आपल्या माणसांचा विचार केला आणि मनाशी म्हटलं, खरं आहे, मी अस्पृश्य आहे. हे त्यांनी स्वतः ४ जुलै १९६५ रोजी अटलांटाच्या एबेनेझर बॅप्टिस्ट मंडळीत प्रवचनात सांगितलं. सहा वर्षांनी! त्या मुलांपुढे ते काय बोलले यापेक्षा त्या एका ओळखीने त्यांना काय दिलं, हे ते घरी घेऊन गेले होते. पाहुण्याचा मान ठेवणं म्हणजे पदव्या वाचणं असं मुख्याध्यापकांनी मानलं असतं, तर हे घडलंच नसतं. त्यांनी पाहुण्याला आपल्यात ओढून घेतलं.

हा प्रसंग कळल्यापासून मी वक्त्यांकडून ओळखपत्रक मागवणं सोडलं. वक्त्याला फोन करून दोन गोष्टी विचारते. तुमच्या घरात पहिल्यांदा प्रभूकडे कोण आलं, आणि तुम्ही आत्ता कशासाठी प्रार्थना करता. ओळख एवढीच करून देते. काही जणांना हे रुचत नाही. बहुतेकांना आवडतं.

वाद एकाच बाबतीत जोरात झाला, तो बायकांना संदेशाला बोलावण्यावरून. महिला मंडळात बोलावं, रविवारी नको, असं काही ज्येष्ठांचं म्हणणं. बायकांनी मंडळीत गप्प राहावं अशी पौलाची वचनं ते घेऊन आले आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे आणली, हे मला मान्य आहे. मी प्रिस्किल्ला घेऊन गेले. पंडिता रमाबाईही घेऊन गेले. ज्या बाईने केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षं दिली, जिला त्याआधीच १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ऐकून पंडिता आणि सरस्वती म्हटलं, ती आज आली तर आम्ही तिला दुपारची वेळ देणार का? आमच्या रीतीप्रमाणे मंडळीच्या सभेत हात वर करून मत घेतलं. निर्णय थोड्या फरकाने लागला. विरोधात असलेल्यांपैकी एक काका पुढच्याच महिन्यात एका निवृत्त परिचारिकेचा संदेश ऐकून मला म्हणाले, "माझं मत बदललेलं नाही. पण तिला पुन्हा बोलाव." मला त्यांच्याबद्दल आदर वाटला.

पाळक नसलेल्यांनी धर्मावर बोलण्याची परंपरा या शहराला नवी नाही. १८६७ मध्ये इथे प्रार्थना समाज निघाला. तिथे उपासनेत बोलायला रानडे उभे राहत, भांडारकर उभे राहत. एक न्यायाधीश, एक प्राध्यापक. तो समाज आमचा नव्हे, श्रद्धा वेगळी. पण आठवडाभर कचेरीत बसणाऱ्या माणसाने रविवारी देवाविषयी विचार करून बोलावं, ही अपेक्षा मला फार मोलाची वाटते.

ती अपेक्षा आमच्याकडे सगळ्यात चांगली पुरी होते गुड फ्रायडेला. बारा ते तीन, येशूने क्रुसावर काढलेले सात उद्गार, सात वक्ते. पूर्वी सातही जण बाहेरचे पाळक असायचे. आता चार बाहेरचे, तीन आमच्यातले. एका वर्षी पाचवा उद्गार, "मला तहान लागली आहे," आम्ही पालिकेच्या पाणीखात्यातल्या एका भावाला दिला. ते चावीवाले आहेत. रात्री-पहाटे गल्ल्यांमधून फिरून व्हॉल्व्ह उघडणं आणि बंद करणं हे त्यांचं काम. त्यांनी ईश्वरविज्ञान काही सांगितलं नाही. तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी केवढ्या लांबून येतं ते सांगितलं. डोंगरावरच्या वस्तीत दाब पोहोचत नाही तेव्हा बायका हंडे घेऊन कशा उभ्या असतात ते सांगितलं. व्हॉल्व्ह दहा मिनिटं जास्त उघडा ठेव म्हणून त्यांचा हात धरतात, आणि तसं केलं तर खालच्या गल्लीत कमी पडतं. मग म्हणाले, "माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. कुणी वरून ओतलं तर ओंजळीत प्यायचं. प्रभूला पण कुणीतरी बोळा काठीला लावून वर केला, तोही आंबेचा, आंबट द्राक्षारसाचा." एवढं बोलून ते बसले. सात मिनिटंही झाली नसतील. सहाव्या उद्गारासाठी आलेले पाहुणे पाळक उठले आणि आधी त्यांच्याकडे जाऊन त्यांचा हात हातात घेऊन उभे राहिले. त्यांनी लिहून आणलेला कागद बाजूला ठेवला आणि त्या तहानेवरूनच पुढे बोलले. संध्याकाळी फोन करून त्यांनी चावीवाल्या भावांना आपल्या मंडळीत बोलावण्यासाठी नंबर मागितला. आमचा माणूस आता दुसरीकडे पाहुणा म्हणून जातो. त्यांच्यासाठी पत्र लिहून देताना मला इफिसचे बंधुजन आठवले.

नगरकडचे एक कीर्तनकारही वर्षातून एकदा येतात. ख्रिस्ती कीर्तन तिकडे एकोणिसाव्या शतकापासून आहे, ना. वा. टिळकांनीही ते केलं. पूर्वरंग, उत्तररंग, पेटी, टाळ, सगळं रीतसर. त्या रविवारी हॉलबाहेर शाळेचा वॉचमनही येऊन उभा राहतो, आणि आमची इंग्रजी शाळेत शिकणारी मुलं घरी जाऊन पदं गुणगुणतात. त्यांच्यावर वेगळं लिहायला हवं.

जून ते सप्टेंबर मात्र लांबच्या पाहुण्यांना मी बोलावत नाही. शीव-कुर्ल्याच्या रुळांवर पाणी आलं की कुणालाच कुठे पोहोचता येत नाही, आणि म्हातारा माणूस ठाण्याला अडकून पडल्याची चिंता मला नको. हे महिने आमच्याच माणसांचे. यंदाची यादी जवळपास झाली आहे. जुलैमध्ये नर्सिंग शिकणारी एक मुलगी बोलणार आहे. रात्रपाळी करून उपासनेला येते आणि बऱ्याचदा बाकावरच डुलक्या घेते. तिने युतुखाचा उतारा मागून घेतला. पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसलेला युतुख झोप लागून खाली पडला, तो प्रसंग. मी विचारलं, हाच का? ती म्हणाली, "मावशी, सगळे पौलाबद्दल बोलतात. युतुख दिवसभर कुठे राबून आला होता ते कुणी विचारतच नाही." तिने पंचवीस मिनिटं मागितली आहेत, त्यातली दहा प्रश्नांसाठी.